आईचं नाव भरल्याशिवाय पान सेव्ह होत नाही

आमच्या भावकीची वंशावळ एका जाड वहीत आहे. वही माझ्या धाकट्या दिराकडे असते. दर नवरात्रात देवळाच्या सभामंडपात तो ती मोठ्याने वाचायचा. माझ्या नवऱ्याच्या नावापुढे त्याने लाल शाईने लिहिलं होतं, वंश खुंटला.

का, तर मला दोन मुली. पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा दोघी पुढेच बसल्या होत्या, थोरली सातवीत आणि धाकटी पाचवीत. घरी आल्यावर धाकटीने विचारलं, "आई, आपलं काय खुंटलं?" नवरा बाजेवर बसून तंबाखू मळत होता. त्याने मान वर केली नाही. भावाला त्याने कधी एका शब्दाने विचारलं नाही, मरेपर्यंत नाही. त्याचाही मला राग आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते.

ती ओळ पुढे दरवर्षी वाचली गेली आणि मी दरवर्षी जाऊन ऐकली. शेजारणी म्हणायच्या, कशाला जाता? विसरायला होऊ नये म्हणून जात होते.

मग भावकीने ठरवलं की वंशावळ वेबसाईटवर टाकायची. पुण्याला गेलेल्यांना मोबाईलवर दिसली पाहिजे. थोरली नगरला वेबसाईट बनवायचंच काम करते. दीर घरी आला, चहा घेतला आणि तिला म्हणाला, "तू आपल्याच घरची. तुझ्याशिवाय कुनाला सांगनार?" वंश खुंटलेल्या घरात त्याला कामाचं माणूस सापडलं. तो गेल्यावर मी थोरलीला म्हणाले, "घे काम."

तिने मला समजावून सांगितलं. वेबसाईटला एक बाहेरची बाजू असते, ती सगळे बघतात. एक आतली असते, तिथे पानं भरायची. आमच्याकडे प्रत्येक पुरुषाचं एक पान, आणि ते त्याच्या घरच्यांनी भरायचं. आतली बाजू मुळात जशी येते तशी ठेवली तर माणूस बटणांतच हरवतो. म्हणून ती आपल्या लोकांना जमेल अशी करून घ्यावी लागते. "तू शेजारी बस," ती म्हणाली. "चौथी शिकलेल्या बाईला जमलं तर सगळ्यांना जमंल."

बसले. वर बटणांची रांगच रांग होती.

"हे रंगीत ठिपके कशाला?"

"अक्षरांना रंग द्यायला."

"काढ. लाल शाई कुनाच्या हातात नको."

तिने काढले. 'शीर्षक' असं एका चौकटीवर लिहिलेलं होतं, तिथे मी 'कुणाचं पान' लिहायला लावलं. मग दिराने लिहून दिलेला कागद तिने काढला. रकाने होते नाव, वडील, आजोबा, मुलगे, गाव. शेवटी एक चौकोन, त्यात खूण करायची: वंश खुंटला. आई नाही, बायको नाही, मुली नाहीत.

"आईचं नाव आन माहेर सगळ्यात वर," मी म्हणाले. "मंग बायको, मंग मुली. मुलगे त्येच्या खाली."

"लोक रिकामं सोडतील, आई."

"मंग फुडं जाऊच देऊ नको."

तिने आईच्या रकान्यापुढे एक लाल चांदणी लावली. चांदणी असली की रकाना भरल्याशिवाय पान सेव्ह होत नाही. हा लाल मला चालला.

"टिंब देतील बग. टिंब घेयाचं न्हाई. रेघ बी न्हाई. नुसतं 'आई' लिवलं तरी माघारी धाड."

थोरली हसायला लागली. "तुला आमच्या हापिसात घेतलं पायजे."

तो शेवटचा चौकोन मला काढून टाकायचा होता. ती म्हणाली, तात्याकाकांनी लिहून दिलाय, दिसला नाही तर ओरडतील. मी थोडा विचार केला.

"ऱ्हाऊ दे. पर मुलींच्या रकान्यात एक जरी नाव पडलं, तर त्यो चौकोन दिसंनासा करता येतो का?"

"येतो."

"कर."

एवढ्यावर मी थांबले नाही. एसटीने कर्जतला गेले. तिथे दिराच्या बापाची बहीण राहते, म्हणजे दिराची सख्खी आत्या. कानाने कमी ऐकते, बाकी डोकं शाबूत आहे. तिला तिच्या आईचं नाव विचारलं. "आजवर कुनी इचारलं न्हाई गं," म्हातारी म्हणाली, आणि नाव सांगितलं, माहेरही सांगितलं. मी कागदावर लिहून घेतलं नाही. कागद कुणाच्याही हाती लागतो.

नवरात्रात सभामंडपात पांढरी चादर बांधली. थोरलीने लॅपटॉप जोडला. पहिलं पान दिराने स्वतःच्या हाताने भरायचं ठरलं होतं, त्याच्या वडिलांचं. सगळी भावकी समोर बसली होती. एका बोटाने त्याने वडिलांचं नाव लिहिलं, आजोबांचं लिहिलं, मुलगे लिहिले, आणि सेव्हचं बटण दाबलं. चादरीवर अक्षरं आली: आईचं नाव भरल्याशिवाय पान सेव्ह होत नाही.

त्याने टिंब दिलं. पान माघारी आलं. रेघ ओढली. माघारी. 'आई' लिहिलं. माघारी.

मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, आज्जी नव्हती का तुमाला? बाप काय झाडाला लागला हुता?"

"वहीत बगा की," दुसरा म्हणाला.

वहीत कुठून असणार? सात पिढ्यांचे पुरुष आहेत त्या वहीत, जन्म देणारी एक नाही.

दीर घामाघूम झाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, आईनं तुमाला सांगितलं असंल."

"मला कसं ठावं असनार, भावजी? आमचा तर वंश खुंटलाय."

मीच पुढे बोलले. "हे पान ठिवा बाजूला. आदी तुमच्या भावाचं भरा. मंग मला आठवतं का बगू."

त्याने भरलं. आईचं नाव त्याला येत होतं. बायकोच्या रकान्यापाशी बोट थांबलं. इतकी वर्षं वहिनी म्हणत आला, नाव त्याला माहीत नव्हतं. भरल्या मंडपात त्याला मलाच विचारावं लागलं. मी सांगितलं, सावकाश. मग मुली. "वही वाचता तसं मोठ्यानं वाचत लिवा," मी म्हणाले. त्याने थोरलीचं नाव लिहिलं आणि खालचा चौकोन गेला. तो बाण वर-खाली फिरवत राहिला.

"हितं एक चौकोन हुता."

"हुता," थोरली म्हणाली.

धाकटीचंही नाव लिहून झालं, पान सेव्ह झालं. मी आधी पाणी प्यायले. मग त्याच्या आजीचं नाव सांगितलं, माहेर सांगितलं, आणि हेही सांगितलं की ते मला त्याच्या आत्याकडे मिळालं, ती अजून जिवंत आहे, कर्जत काही लांब नाही.

बरं वाटलं का, असं धाकटीने फोनवर विचारलं. लई बरं वाटलं. ते लपवायचं कारण काय?

आता भावकीतले पुरुष मला फोन करतात. काकू, पणजीचं नाव सांगा, पान अडलंय. काहींची मला माहीत असतात. सांगत नाही. तुझ्या आत्याला विचार म्हणते, आणि फोन ठेवते.

वहीतली लाल ओळ तशीच आहे. वही मागितली, तर दीर म्हणतो सापडत नाही. परवा त्याने थोरलीला विचारलं, ती चांदणी काढता येते का. लोक कटकट करतात म्हणे. ती म्हणाली, येते की, पण आईला विचारावं लागेल.

अजून तो आलेला नाही. मी घरीच असते.