फक्त दोन मिनिटं मराठी

अमेरिकेत कॅरी गावातल्या त्या शाळेत सकाळी स्पॅनिश आणि दुपारी इंग्रजी चालतं. दोन्ही भाषांत हसणारी मुलं माहितीपत्रकावर छापलेली असतात. रेणू भोयर तिथे बालवर्गाची असिस्टंट आहे. नागपुरात ती बालवाडीची बाई होती. नवऱ्याच्या व्हिसामागे इकडे येऊन वर्षानुवर्षं घरात बसली, आणि कामाची परवानगी हातात पडली तशी तिनं ही नोकरी धरली. बूट बांधून द्यायचे, डबे उघडायचे, नाकं पुसायची. या कामाचा तिला कधी कमीपणा वाटला नाही.

त्या सप्टेंबरात वर्गात नैना आली. आईवडील इथे बस्तान बसवत होते तोवर आजी-आजोबांकडे नागपुरात वाढलेली पाच वर्षांची पोर. सकाळचं स्पॅनिश तिच्या डोक्यावरून जायचं आणि दुपारचं इंग्रजीही. तोंडाला कुलूप. एकदा कपडे ओले झाले तरी कुणाला सांगेना, तशीच कोपऱ्यात उभी राहिली. रेणू शेजारी जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "चल बाई, आपण कपडे बदलू."

मग काय विचारता! आजीची मांजर, आजोबांची स्कूटर, संत्र्याची बी गिळली तर पोटात झाड उगवतं का, सगळं एका दमात बाहेर पडलं. जेवणाच्या सुट्टीत रेणूमावशीच्या शेजारची जागा तिची होऊन गेली. आणि गंमत बघा, थोड्याच दिवसांत ती इतर मुलांत खेळू लागली, पाणी स्पॅनिशमध्ये मागू लागली. कुठल्याही बालवाडीच्या बाईला विचारा, मूल असंच रुळतं. धरायला आधी एक ओळखीचं बोट लागतं.

हे नैनाच्या आईच्या, सुनेत्राच्या, कानावर गेलं. सुनेत्रा एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड. शाळा सुटल्यावर नैनाचा हात धरूनच तिनं रेणूला पार्किंगमध्ये गाठलं.

"रेणूताई, प्लीज, तिच्याशी मराठी बोलू नका. आम्ही घरीसुद्धा बंद केलंय. तीन-तीन लँग्वेजेसनी पोरगी कन्फ्यूज होते यार. परत झालं तर मला शाळेच्या ऑफिसमध्ये सांगावं लागेल, मग ते तुम्हाला काढून टाकतील."

रेणूनं परोपरीनं समजावलं. मूल मराठीमुळेच बोलायला लागलंय, हेही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. सुनेत्रानं परत होण्याची वाटही न बघता दुसऱ्याच दिवशी ऑफिसात सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमची काही हरकत नव्हती, पण पालकांची इच्छा आहे. रेणूला जेवणाच्या हॉलमधून काढून मैदानावर देखरेखीला उभं केलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेवर तरी काय रागवायचं? शाळेला मराठी कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. या बाईला ठाऊक होतं! हीच बंदी एखाद्या गोऱ्या बाईनं घातली असती, तर सुनेत्रानं महाराष्ट्र मंडळात तासभर भाषण ठोकलं असतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हा असा.

हाल झाले ते पोरीचे. सुरुवातीला ती मैदानावर धावत यायची. रेणू इंग्रजीत उत्तर द्यायची, कारण नोकरी टिकवायची होती. नैना तिच्या तोंडाकडे बघत राहायची. हळूहळू ती यायचीच थांबली, आणि नुकतं फुटलेलं स्पॅनिशही आटलं. पुन्हा कुलूप.

मार्चमध्ये शाळेचा इंटरनॅशनल डे ठरला आणि सुनेत्राचा फोन आला. नैना नऊवारी नेसून मराठीत चार ओळी बोलणार होती, नागपूरहून आजी-आजोबा व्हिडिओवर बघणार होते. "तुम्ही स्टेजजवळ थांबाल ना? अडली तर सांगायला. फक्त दोन मिनिटं." दोन मिनिटांत नाही का कन्फ्यूज होणार ती, हे रेणूच्या अगदी जिभेवर आलं होतं. पोरीकडे बघून तिनं गिळलं.

शनिवारी सकाळी हॉल भरला. नथ टोचत असलेली नैना माइकसमोर उभी राहिली. पहिल्या रांगेत सुनेत्रा फोन उंच धरून. नैना गप्प. सगळे वाट बघू लागले. पडद्याआडून रेणू हलकेच म्हणाली, "माझं नाव नैना. बोल बेटा."

नैनानं मान वळवली. ओठांवर बोट ठेवलं आणि कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून स्वच्छ मराठी आलं.

"मावशी, तू बोलू नको. आई तुला काढून टाकेल."

माइक चालू होता. हॉलमधल्या लोकांना वाटलं, ओळी म्हणून झाल्या. कौतुकानं सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सुनेत्राचा हात तसाच वर राहिला होता. टाळ्या ओसरल्या तेव्हा फोनमधून नागपूरचा आवाज आला, "सुनेत्रा, कोणाला काढून टाकते गं तू?"