गोऱ्याच्या गढीवरचे गुलाब

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि बहुतेक वेळा हसून पान उलटते. भूतखेत, बाहेरची बाधा, करणी… माझा यातल्या कशावरही कधी विश्वास नव्हता. पंचविशीच्या आत विधवा झालेल्या बाईला भुताची भीती वेगळी दाखवावी लागत नाही हो, घरातली माणसं पुरेशी असतात. तरीही एक गोष्ट आहे जी मला आजवर उलगडलेली नाही. आता वय झालं, म्हणून लिहून टाकते.

माझं माहेर धुळ्याचं, सासर नंदुरबारचं. दोन्हीकडे मारवाडी व्यापारी. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते, आणि घरात तो माझा दोषच मानला जाई. नवरा टायफॉइडने गेला. मूलबाळ नव्हतं. काळपट ओढणी अंगावर आली, आणि सणासुदीला मी समोर आले की सासूबाई तोंड फिरवायच्या. मागल्या ओसरीवर माझ्यासाठी एक शब्द होता, तो मला ऐकू येत नाही असा सगळ्यांचा समज होता.

त्याच सुमारास माझ्या जेठजींनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, गोऱ्याची गढी विकत घेतली.

गढी म्हणजे आपल्याकडची मातीची नव्हे. तोरणमाळच्या वाटेवर, पठाराच्या अलीकडच्या एका सोंडेवर कोण्या स्कॉटिश साहेबाने ती बांधली होती. खानदेशात कापसाच्या जिनिंगमध्ये त्याने पैसा केला आणि आपल्या मुलखातल्या कुठल्याशा कॅसलची नक्कल इथे उभी केली. काळा दगड, एका कोपऱ्यात गोल टॉवर, वर दातेरी कठडा, खिडक्या अशा अरुंद की आत दिवसाही दिवा लागावा. मागे उंच भिंतीच्या आत बाग. तिथली माती चांगली, म्हणून पावरा आदिवासींची मक्याची शेतं उठवून साहेबाने ती केली होती. बोटीने आणलेले गुलाब लावले, मधोमध लॉन केलं. पहिली लढाई संपल्यावर तो बायकोला घेऊन कायमचा निघून गेला. मग पुढची वीसेक वर्षं गढीत वटवाघळं आणि बागेत घाणेरी.

जेठजींनी ती दुरुस्त करायला घेतली ती मोठ्या साहेब लोकांना उन्हाळ्यात तिथे उतरवावं म्हणून. टॉवरचे ढासळलेले दगड परत चढले, छपरावर नवी कौलं आली. आणि तिथे कायम राहून लक्ष ठेवायला घरचं माणूस हवं होतं… ते मी. बाकीच्या कुणाला डोंगरात राहायचं नव्हतं, आणि मला कुणी विचारलं नाही.

माझ्यासोबत होते दगाआप्पा, कोरीट गावचे म्हातारे माळी. बायको वारलेली, मुलगा सुरतेला. कमी ऐकू यायचं त्यांना. मला ते माय म्हणायचे. आम्ही दोघांनी मिळून ती बाग उपसली. घाणेरी काढता काढता खाली एकेक गुलाब सापडू लागला. काटेरी, रानटी झालेला, पण जिवंत. पहिल्या वर्षी एकही धड फूल आलं नाही. दुसऱ्या वर्षी होळीला कामावरची सगळी पावरा माणसं काठी गावाला गेली. राजवाडी होळीला जायचं म्हटलं की ती कुणाच्या बापाला विचारत नसत. गढीवर मी आणि दगाआप्पा, दोघंच. ते दुपारचे जेवून ओट्यावर लवंडले होते. मी भिंतीजवळच्या एका झाडाची वाळकी फांदी कापत होते.

"आठून नको. डोयाना वर काप," मागून कुणी म्हणालं.

वळून पाहिलं तर एक गोरी मडम. म्हातारी. रेषारेषांची लोकरीची शाल अंगाभोवती घट्ट लपेटलेली — फाल्गुनातल्या त्या उन्हात! मला आश्चर्य तिच्या असण्याचं वाटलं नाही. दवाखान्याच्या मडमा तेव्हा डोंगरात फिरत, औषधं वाटत. आश्चर्य वाटलं ते तिच्या बोलण्याचं. नंदुरबारच्या बाजारात भाजी विकणारी बाई बोलते तशी अस्सल अहिराणी! मी तिने दाखवलं तिथे, कोंबाच्या डोळ्याच्या वर कापलं. तिने मान डोलावली.

मग ती येत राहिली. रोज नाही, पण येई ती दुपारीच. कधी बसली नाही, कधी पाणी मागितलं नाही. डाव्या हाताने दाखवायची, उजवा हात शालीत लोंबत असायचा. मला वाटलं मोडला असेल. बोलणं फक्त बागेपुरतं. "एवढं पानी नको दिऊ, मुया सडी जातीन." "हाई झाड सावलीमा कोन्ही लायं?" आणि ते मीच लावलेलं असायचं.

एकदा मी विचारलं, "मॅडमसाब, तुम्ही कोठे ऱ्हातस?"

"आठेच," इथेच, ती म्हणाली, आणि झाडाकडे बघत राहिली. डोंगराखालच्या दवाखान्यात म्हणत असेल, असं मी धरून चालले.

दगाआप्पांना विचारलं तर म्हणाले, "मी तं कोन्हे देखं नही, माय." ते दुपारी झोपलेले असत, त्यामुळे त्याचंही मला काही वाटलं नाही.

खरं सांगते, त्या उन्हाळ्यात मी सुखी होते. हसाल तुम्ही. पण नवरा गेल्यापासून माझ्याशी कामाचं का होईना, कुणी समोर उभं राहून, माझ्या तोंडाकडे बघून बोललं नव्हतं. ही बाई बोलत होती. माझी ओढणी काळी आहे की तांबडी, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मी दुपारची वाट बघायला लागले. जेवण लवकर उरकून घ्यायची. ती आली नाही तर दिवस जात नसे. आणि गुलाब असे आले त्या वर्षी… पिवळट पांढरे, फिकट गुलाबी, एक तर इतका गडद की सावलीत काळा वाटे. पावसाळ्यातही एका वेलगुलाबाने ती दगडी भिंत झाकून टाकली. पावरा बाया कामावरून जाताना थांबून बघायच्या.

साहेब लोक मात्र आले नाहीत. विलायतेत दुसरी लढाई सुरू झाली होती, कुणाला डोंगरात हवा खायला सवड नव्हती. त्या नवरात्रात जेठजी स्वतः वर आले, घोड्यावरून, सोबत नांगर आणि बैल घेऊन. आमच्यात जेठ भावजयीशी थेट बोलत नाही, तीही घुंघट ओढून आड उभी राहते. ते ओट्यावर उभे राहिले आणि दगाआप्पांना म्हणाले,

"दगा, बिंदणीले सांग. पलटणले बटाटा जोयजे. बागनी माती भारी शे. आजच नांगर धरा."

बिंदणी म्हणजे घरची सून, मी. मी घुंघटाआडून म्हटलं, "आप्पा, त्यांना सांगा, लॉन नांगरा सगळं. भिंतीकडचे गुलाब तेवढे राहू द्या. त्यांना जागा किती लागते?"

दगाआप्पांनी सांगितलं. जेठजी भिंतीकडे बघून म्हणाले, "गुलाब खाईसन पोट भरस का?"

"आप्पा, सांगा, मी स्वतः निगा ठेवेन. एकही माणूस कामाला लागणार नाही."

"रांडमुंड बाईले बाग कसाले जोयजे?"

हे त्यांनी दगाआप्पांना सांगायला सांगितलं नाही. मला थेट ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

दगाआप्पांनी बैल जुंपले. डोळे पुसत होते, पण नोकर माणूस, काय करणार? आधी कुऱ्हाडीने वेलगुलाब तोडला, मग नांगर फिरला. मी घुंघटात, हात जोडून, बांधावर उभी होते. आणि तेव्हा मला ती दिसली. भिंतीतल्या लहान दरवाजात, शाल गुंडाळून. पावरा गडी तुटलेल्या फांद्या घेऊन त्याच दरवाजातून बाहेर जात होते. तिच्या इतक्या जवळून की काटे तिच्या शालीत अडकावेत. एकानेही बाजूला सरून वाट दिली नाही, एकानेही वर पाहिलं नाही. मला वाटलं, आता ही काही बोलेल. साहेबाची जात, हिचं तरी जेठजी ऐकतील. मी हाताने खूण केली, ये, म्हटलं. ती माझ्याकडे बघत होती. असं बघणं मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही. मग ती दरवाजात नव्हती. त्यानंतर कधीच आली नाही.

बटाटा बरा आला. जेठजींनी गढी ठेवली, मलाही ठेवलं — बटाट्याच्या वखारीवर राखण म्हणून. टॉवरच्या खालच्या खोलीत पोती रचलेली असायची.

लढाई संपली. स्वातंत्र्याच्या आधीच्या हिवाळ्यात एक गोरा साहेब एकटाच डोंगर चढून आला. पलटणीतून सुटलेला, मुंबईहून बोटीने घरी निघालेला. वाटाड्याला त्याने खालीच थांबवलं होतं. मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, "मैं यहाँ पैदा हुआ था." लहानपणीच त्याला विलायतेला शाळेत धाडलं होतं. मी आणि दगाआप्पांनी त्याला सगळं दाखवलं. टॉवरच्या पायऱ्या चढताना तो भिंतीला हात लावत होता. बागेच्या दरवाजात मात्र थांबला. आत बटाट्याचे वाफे.

"यहाँ गुलाब थे," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

मग ओट्यावर बसून त्याने आईचं सांगितलं. लढाईच्या पहिल्या वर्षी, हिवाळा संपता संपता तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आणि त्या दिवसापासून इंग्रजी एक शब्द बोलली नाही! लोकरीची शाल पांघरून बिछान्यात पडून असायची आणि सकाळच्या वेळी कुठल्यातरी भाषेत कुणाशी तरी बोलायची. डॉक्टर म्हणे, ही भाषा नाही, मेंदू गेल्यावर माणूस असंच बरळतं. मुलाला तसं वाटलं नाही. इथे असताना तिच्या हाताखाली नंदुरबारची आया होती, एवढं त्याला आठवत होतं.

त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार, हे मला फार नंतर कुणीतरी सांगितलं. तेव्हा मी फक्त तो लोंबणारा उजवा हात आठवत बसले होते.

"आखिर के दिन," तो म्हणाला, "वो बहुत रोई. एक ही बात बार बार." ऑक्टोबरचा महिना होता म्हणाला, तो रजेवर तिच्या उशाशी होता. ते शब्द त्याने पाठ करून ठेवले होते. इतकी वर्षं, लढाईतसुद्धा. मुंबईत चार जणांना विचारलं, कुणाला कळेना. "आप लोग यहाँ के हैं. इसका मतलब?"

आणि त्या भल्या माणसाने, लहान मुलाने पाढा म्हणावा तसं, एकेक शब्द जपून उच्चारला —

"त्या रांडनी मन्ही बाग खाई टाकी."

दगाआप्पा माझ्याकडे बघू लागले. साहेब जवळ बसून मोठ्याने बोलत होता, त्यामुळे त्यांनीही नीट ऐकलं होतं. त्या रांडेनं माझी बाग खाऊन टाकली. मागल्या ओसरीवरचा तो शब्द सातासमुद्रापार जाऊन, एका मेलेल्या बाईच्या तोंडून, तिच्या मुलाच्या हाती माझ्यापर्यंत पोचला होता.

साहेब उत्तराची वाट बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

मी म्हटलं, "वो कहती थीं, मेरी बाग को सँभालना."

त्याने ते दोनदा म्हणवून घेतलं. मग तोंड फिरवून बराच वेळ रडला. जाताना मला लवून नमस्कार केला, आपल्यासारखा, हात जोडून. बागेतली मूठभर माती रुमालात बांधून घेऊन गेला.

तो उतारावर दिसेनासा झाल्यावर दगाआप्पा म्हणाले, "माय, गुलाब तं तुम्हीच जगाडात. तसं सांगी टाकतात त्याले."

"सांगीसन काय व्हई आप्पा? त्यानी माय तं मरी गई," मी म्हटलं, आणि पोती मोजायला आत गेले.

आमच्या नात्यात एक डॉक्टर झाला, त्याला मी हे सांगितलं. म्हणाला, काकू, एकटेपणा, ऊन, मनाचे खेळ. असेल. मग ते बोल त्या साहेबाकडे कसे आले, असं विचारलं तर त्याने घड्याळ पाहिलं. मी कोणावर चिडत नाही. माझ्याकडेही लॉजिक नाही. माणूस बिछान्यात पडून सात समुद्र ओलांडून आपल्या झाडांपाशी येत असेल, तर येवो बापडं. ते मी एक वेळ मान्य करीन.

मला न सुटलेलं कोडं दुसरंच आहे. तिला तिथून बाग दिसत होती, झाडाचा डोळा दिसत होता, घुंघटातली मी दिसत होते. मग ओट्यावर उभा राहून हुकूम सोडणारा पुरुष तिला कसा दिसला नाही?