उभ्या गाडीचं बेअरिंग

दादाला मी आयुष्यात एकदाच मनापासून शिवी घातली, आणि तीसुद्धा गाडीखाली उताणी पडून. त्याला ऐकू गेली की नाही, माहीत नाही. गेली असावी.

बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती. मागचे स्प्रिंगचे पाटे बसल्यामुळं ती उठायचा विचारच सोडून दिलेल्या म्हशीसारखी दिसायची. दादा शहागंजात कापडाचं दुकान चालवायचा आणि आईसोबत त्याच घरात राहायचा. मी चिकलठाण्याला एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते. सणावारापुरतं माहेरी जायचं, पुरणपोळी खायची आणि निघायचं. असं असताना एक दिवस दादाचाच फोन आला.

"बाबांची गाडी नीट करू. श्रावणात आईला तिच्यातच घृष्णेश्वराला नेऊ. पण हात तुझाच लागंल. मला त्यातलं काय कळतंय?"

मी विरघळले. दादानं माझ्याकडं काही मागितलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग रविवार म्हटलं की मी तिथं. पाटे काढून त्यांची कमान नव्यानं मारून आणली, शॉकॲब्सॉर्बर बदलले, कुजलेली रबरं फेकली, इंजिन सुरू केलं. दादा पाने हातात द्यायचा, चुकीचा द्यायचा, वर बाबांसारखा घसा खाकरून मलाच रागवायचा. आई चहा आणून पायरीवर बसायची. खरं सांगते, गाडीपेक्षा मला त्या रविवारांची ओढ लागली होती. भाऊ परत मिळाला, असं मी नवऱ्याला सांगितलंही. "जपून," एवढंच तो म्हणाला. त्यावरून मी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

शेवटी राहिली मागच्या चाकांची बेअरिंग. चाक हातानं फिरवलं की आतून जात्यासारखी घरघर यायची. मी चाक आणि ड्रम उतरवला, शाफ्ट बाहेर ओढला, पुलर लावून हब काढला. बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडलेले आणि ग्रीसचा नुसता काळा चिखल.

"बघ, हे दौलताबादच्या घाटात जाम झालं असतं तर?"

दादानं बघितलंसुद्धा नाही. "राहू दे की. बेअरिंगचं काय घेऊन बसलीस? उभीच तर राहायचीय तिला."

"कुठं उभी राहायचीय?"

तो हातातला पाना पुसायला लागला. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयाला त्यानं गाडी कबूल केली होती. ती दारात उभी राहणार आणि नवरा-नवरी तिला टेकून फोटो काढणार.

"इंजिनाचं त्यांना काय करायचं नाय," तो म्हणाला. "फक्त मागनं बसलेली नको म्हणले. फोटोत बरी दिसत नाय."

हे ठरलं होतं मला फोन करायच्या आधीच. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. श्रावण, वेरूळ, बाबांची नक्कल, सगळं मला गाडीखाली घालण्यासाठी होतं. मी रडताना त्यानं बघू नये म्हणून मी खरोखरच गाडीखाली सरकले आणि तिथून ती शिवी घातली.

बाहेर आले तर आई पायरीवर मूग गिळून बसलेली.

"तुला माहीत होतं?"

"व्हय," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तू आली असतीस का? तुम्ही दोघं हसत व्हता. मला लई बरं वाटायचं."

यावर एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. मी नाही बसले. आईला बोलू नये ते सगळं बोलले.

बेअरिंग मात्र मी बदललीच, दोन्ही बाजूंची. हबमध्ये बेअरिंग बसवताना फक्त बाहेरच्या कडीवर, गोल फिरत, सारखे ठोके द्यायचे असतात. आतल्या कडीवर मारलं की नव्या बेअरिंगची वाट लागते. रागात हात सुटतो, पण माझा सुटला नाही. फोटोपुरतं काम करणारी तुमची जात वेगळी आणि माझी वेगळी, हे दादाला दाखवायचं होतं. तो कधीच घरात निघून गेला होता.

न्यायच्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला. "तेवढी कार्यालयावर नेऊन सोडतीस का? तिचा गिअर मला जमत नाय."

"ढकलत ने," म्हणाले आणि फोन आपटला. तरी तासाभरात तिथं गेलेच. का गेले, मला अजून सांगता येत नाही.

तोवर दादानं मागवलेली ओढून नेणारी गाडी बाहेर रस्त्यावर उभी होती. किल्लीला मी हात लावला नाही, त्यामुळं तिथपर्यंत आमची गाडी ढकलूनच न्यायची होती. कार्यालयाची दोनच माणसं आली होती आणि मला मनातून बरं वाटलं. दुरुस्तीच्या आधी तिला जागची हलवायला चौघं लागले होते आणि चौघांचाही घाम निघाला होता. निदान फाटकाशी तरी अडून बसेल, सगळ्यांना जरा झुंजवेल, अशी माझी आशा होती. दोघांनी नुसता हात लावला आणि ती आवाज न करता सरळ बाहेर गेली. बेअरिंग मी फारच चांगली बसवली होती.