पाच दिवसांची दाढी

"करोना गेला. तुझी दाढी गेली का?"

वहिनी हे भर दुकानात बोलल्या. वहिनी म्हणजे आमच्या शेठची बायको. आळेफाट्यावर त्यांचं कापडाचं मोठं दुकान. पिंपळवंडीची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली होती, पंधरा-वीस माणसं गादीवर बसलेली. मी शालू उलगडून दाखवत होते. नवरीच्या आजीला कमी ऐकू यायचं, म्हणून मी तोंडावरचा मास्क खाली ओढला. नवरीच्या मावशीनं माझी हनुवटी बघितली आणि शेजारणीला कोपर मारलं. वहिनींनी गल्ल्यावरून ते बघितलं. उठून आल्या.

"मास्क वर घे."

"आजींना ऐकू येत नाय वहिनी. आणि आता कुणीच घालत नाय. करोना गेला की."

तेव्हा त्या ते बोलल्या. सगळे हसले. नवरीसुद्धा. मग वहिनी जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्यात तर तोंड झाकायची सवयच असती. तुला काय जड जातंय?"

मी जुन्नरची. अब्बा गाद्या भरतात. आमच्या घरात तोंड कुणीच झाकत नाही. अम्मी डोक्यावरून ओढणी घेते, तेवढंच. हे मला सांगता आलं असतं. पण मास्क नाकापर्यंत ओढला आणि पुढचा शालू उलगडला.

लॉकडाऊननंतर दुकान उघडलं तेव्हा सगळ्यांच्याच तोंडावर मास्क होते. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस बरे वाटले. पहिल्यांदा माझं तोंड चारचौघींसारखं झालं होतं. मग एकेकीचा मास्क उतरला. माझा राहिला. तीन वर्षं राहिला. डबा मी गोडाऊनमध्ये खायचे, भिंतीकडं तोंड करून.

दाढी मला अठराव्या वर्षापासून. हनुवटीवर, जबड्याखाली, ओठांवर. दोरा करून झाला, मेण लावून झालं. पार्लरवाली म्हणाली, "ताई, तुमचं काम माझ्या दोऱ्याचं नाय." मग चिमटा. बाथरूमची कडी लावून रोज उपटायचे. केस कातडीच्या आतच वळायचे, फोड यायचे, पू व्हायचा. हनुवटी काळी पडली. सरकारी दवाखान्यात सांगितलं, अंडाशयात गाठी आहेत, हार्मोनचं बिघडलंय, गोळ्या घ्या. गोळ्या घेतल्या. वजन वाढलं, दाढी तशीच. दोन स्थळं आली. दोन्ही वेळा त्यांच्या बायकांनी उजेडात बसवून बघितलं आणि परत निरोप आला नाही. अम्मी म्हणाली, "छुपाके रख, बेटी." ती माझ्यावर जीव टाकते. पण तिच्याकडंही दुसरं काही नव्हतं.

बस्त्याच्या त्या दिवशी संध्याकाळी आणे गावची सुनंदा माझ्याजवळ आली. ती माझ्याबरोबर साड्यांना होती. म्हणाली, "मंचरला एक डॉक्टरीणबाई हाय. सुईनं काढती. माझ्या नणंदंनं केलं व्हतं. ते कायमचं जातं म्हनत्यात."

कायमचं. त्या एका शब्दावर मी नारायणगावात एसटी बदलून मंचरला गेले.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून माझी हनुवटी बघितली. हसल्या नाहीत. हळहळल्याही नाहीत.

"एकेक केस काढायचा," त्या म्हणाल्या. "केसाच्या मुळापर्यंत बारीक सुई घालायची, करंट द्यायचा, मूळ जाळायचं. मग केस चिमट्यानं उचलायचा."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही, वर्षं. दीड, दोन. सगळे केस एकदम वर आलेले नसतात. आणि तुमचं आतून आहे. आज काढलेले जातील, पण नवे येत राहू शकतात. खोटी आशा मी देणार नाही."

मी खुर्ची पुढं ओढली.

"अजून एक. आजपासून उपटणं बंद. दोरा नाही, मेण नाही, चिमटा नाही. मधल्या दिवसांत ब्लेड चालेल. पण माझ्याकडं यायच्या आधी पाच दिवस तेही नाही. केस वाढू द्यायचे."

"पाच दिवस? असंच?"

"केस दिसला नाही तर सुई कुठं घालू?"

नंतरचं सांगितलं. चेहरा लाल होईल, सुजेल. बारीक खपल्या धरतील. नखं लावायची नाहीत, पावडर लावायची नाही, ऊन टाळायचं. आणि तीन दिवस मास्क नाही. घामानं आणि घासून जखमा चिघळतात.

दर पंधरा दिवसांनी यायचं होतं. मी मनात हिशेब केला. पाच दिवस वाढवायची, तीन दिवस खपल्या. म्हणजे पंधरातले आठ दिवस. दाढी घालवायची तर आधी दाढी दाखवायची. एवढी वर्षं मी जे लपवत होते, तेच उघडं ठेवल्याशिवाय सुटका नव्हती. आणि सुटकेचीही खात्री नव्हती.

पहिल्यांदा त्यांनी कानाजवळचे थोडेच केस काढले, कातडी कशी राहते ते बघायला. मुंगी चावावी आणि चावल्या जागी चटका बसावा, तसं. पुढच्या खेपेला हनुवटी घेतली, ती सोसली. पण ओठांवर सुई लागली तेव्हा डोळ्यांतून आपोआप पाणी. रडत नव्हते, पण पाणी थांबेना. मध्येच शिंका. डॉक्टरीणबाई हात वर धरून थांबायच्या, शिंक झाली की परत सुई. केस मात्र ओढावा लागत नव्हता. अलगद यायचा. मुळाशी काळा ठिपका. तासाभरात बोटभर जागाही झाली नाही. आरशात बघितलं तर तोंड सुजलेलं, आणि उरलेली दाढी होती तिथंच.

दुसऱ्या दिवशी तशीच दुकानात गेले.

"मास्क कुठंय?" वहिनी.

"डॉक्टरांनी नको सांगितलाय."

"मग गोडाऊनला बस. घड्या घाल. गिऱ्हाइकापुढं हे तोंड नको."

बसले. आठ दिवसांसाठी म्हणून बसले, पण वहिनींनी परत पुढं घेतलंच नाही आणि चार महिने गेले. खिडकी नसलेली खोली, वर पत्रा. साड्यांच्या घड्या घालायच्या, पिना लावायच्या. शालू मी विकायचे, नवरीच्या रंगाला कुठला काठ जाईल ते दुकानात माझ्याइतकं कुणाला कळायचं नाही. आता तिथून फक्त आवाज यायचे. मी आठ वेळा मंचरला जाऊन आले. डाव्या जबड्याखाली थोडं विरळ झालं. हनुवटीवर नवे फुटले.

एक दिवस दुपारी वहिनी गोडाऊनमध्ये आल्या आणि दार लावून घेतलं.

"त्या मंचरच्या बाईचा नंबर दे."

"कुणासाठी?" मी विचारलं.

"आमच्या ताईला हनुवटीवर केस आल्यात. पुढच्या महिन्यात बघायला येणार हायती. कुनाला बोलू नको."

ताई म्हणजे त्यांची लेक, पुण्याला शिकत होती. मी खरं सांगते, मला आधी आनंद झाला. वाईट आनंद. मग ती पोर डोळ्यांपुढं आली. कडी लावून, चिमटा घेऊन बसलेली. तो आनंद मला जड झाला. मी नंबर दिला. सगळं सांगितलं. ओठांवर लई दुखतं, पाणी येतं, घाबरू नको म्हणावं. महिन्यात काही होत नाही. पाच दिवस वाढू द्यावी लागते.

"पाच दिवस? लोकं बघतील की!"

"बघतात."

"न्हाई, तिला मी घरातच ठेवीन. ह्या वयात पोरीचं मन लई हळवं असतं."

माझं मन कसलं होतं, हे मी विचारलं नाही. दुसरं विचारलं. "वहिनी, मला परत काउंटरवर घ्या. मी कामाला कमी नाय. तोंड हे असंच राहणार."

त्यांना खरंच कळलं नाही मी काय मागतेय. म्हणाल्या, "तिचं येगळं. तुझं येगळं."

रागानं नाही. चहात साखर किती, हे सांगावं तसं.

मी हातातली साडी खाली ठेवली. दार उघडलं आणि बाहेर गादीवर माझ्या जागेवर जाऊन बसले. पाचवा दिवस होता. दाढी पुरती वर आलेली. समोर दोन बायका होत्या. मी म्हटलं, "या ताई, काय दाखवू?" एक उठून गेली. दुसरी बसली, पण साडीकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिली. शेठ आले. "तू उद्यापासून येऊ नको," एवढंच बोलले. सुनंदा शेजारीच होती. खाली मान घालून घड्या घालत राहिली. तिला मी दोष देत नाही. तिलाही घर आहे.

ह्याला सहा महिने झाले. पगार नाही, म्हणून सुईचं थांबलंय. विरळ झालेल्या जागेवर परत भरत आलंय. डॉक्टरीणबाई खरं बोलल्या होत्या. अब्बा माझ्याशी कमी बोलतात. अम्मी पाहुणे आले की मला आत पाठवते, आणि मी जात नाही, म्हणून ती रडते. तिचं रडणं सोसणं सगळ्यात अवघड.

नारायणगाव, जुन्नर, मंचर, तीन गावांत काम विचारलं. जाताना ब्लेड लावत नाही. मुद्दाम लावत नाही. मालकासमोर उभी राहते आणि आधीच सांगते, "मला दाढी येते. रोज येणार. मी पुढं बसून साड्या विकणार, मागं बसणार नाय. जमत असंल तर बोला."

अजून कुणाला जमलेलं नाही. उद्या ओतूरला जाणार आहे. तिथंही हेच सांगणार.