तुळईची खंडेनवमी

आमच्या प्रयोगशाळेत प्रतिमाताई हुद्दारांचा संताप सगळ्यांच्या ओळखीचा होता, आणि तो रास्तच होता. काँक्रीटमध्ये कार्बनचे बारीक तंतू मिसळून त्यांनी अशी तुळई घडवली होती, की ती भार तर पेलेलच, वर आतून सोडलेल्या विजेतल्या फरकावरून स्वतःला कुठे तडा जातोय तेही सांगेल. पण सरकारी ऑफिसात दोन कामं करणाऱ्या वस्तूला वाली नसतो. बांधकामवाले म्हणायचे, हे विजेचं काम. वीजवाले म्हणायचे, हे तर सिमेंट! फाइल फिरत राहिली, ताई दोन्हीकडे चपला झिजवत राहिल्या. बघून माझंच डोकं फिरायचं.

शेवटी समितीने अट घातली. तुळईवर वर्षभर भार ठेवा, नोंदीत खंड नको, मग ती एका खऱ्या पुलात बसवू. चाचणी दिवाळीला संपणार होती आणि ताई डिसेंबरात निवृत्त होणार होत्या. वीज गेली तर म्हणून त्यांनी बॅटऱ्या बसवल्या, उंदरांसाठी जाळी लावली. भक्तीचा बंदोबस्त मात्र सुचला नाही.

दसऱ्यानंतर कामावर येऊन बघतात, तर तुळई मोकळी, अंगावर झेंडूची माळ. देखभालीचा शेषगिरी कौतुकाने उभा. तो बेळगावकडचा, ताईंशी मराठीतच बोलायचा.

“अक्का, वर्षभर वझं घेऊन उभी हाय बिचारी. पूजेदिवशी हत्याराला विसावा द्यायचा की! सगळी मशिनं बंद केली, तिचाबी भार उतरवला.”

ताईंना ओरडताही येईना. खंडेनवमीला त्यांनी स्वतःचा लॅपटॉपही हळदकुंकू वाहून बंदच ठेवला होता.

समिती म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. ताई जिन्यात बसून रडल्या, निव्वळ रागाने. मग तुळईवर नव्याने भार चढवला आणि ठरल्या महिन्यात निवृत्त झाल्या.

यंदा खंडेनवमीच्या पूजेला मी गेलो, तर गळ्यात पाहुण्यांचा पास अडकवून ताई तुळईशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. मांडीवर डबा. समोर कुंकवाची वाटी घेऊन शेषगिरी.

“अक्का, स्वल्प लावू?”

“लाव. पण बटणाला हात लावलास तर बघ!”

तेवढ्यात मुलीचा फोन आला. घरी पूजा खोळंबली होती, आई सणाच्या दिवशी तिकडे काय करतेय म्हणून ती वैतागली होती.

“तुम्ही उरकून घ्या,” ताई म्हणाल्या. “आज इथे सगळ्यांना सुट्टी आहे. कुणीतरी कामावर नको का?”