मुकादमाने उचललेला फोन

"सेव्ह दाबायच्या आधी तक्रारदार बाईंना एक फोन करून घ्या मॅडम," पल्लवी म्हणाली. "सेव्ह होताच त्यांना आपोआप मेसेज जातो, आणि अचानक मेसेज आला की माणूस घाबरतो. आधी सांगितलेलं बरं."

पल्लवी सॉफ्टवेअर कंपनीची प्रतिनिधी. ट्रायलसाठी नागपूरहून आली होती. बसली होती माझ्याच केबिनमध्ये, पण माझ्या स्क्रीनकडे पाठ करून. मी खरी केस भरणार होते आणि तक्रारदाराचं नाव बाहेरच्या माणसाला दिसू नये, म्हणून तिने आपणहून खुर्ची खिडकीकडे फिरवली होती. ही गोष्ट मला तेव्हाच आवडली होती.

स्क्रीनवर बाईच्या नावापुढे मोबाईल नंबर आपोआप आला होता. मी टेबलावरच्या लँडलाइनवरून तो लावला.

"बोला, कोन पायजे?"

पुरुषाचा आवाज. चांगला ओळखीचा. ज्या मुकादमाविरुद्ध ती तक्रार होती, तोच बोलत होता.

"मी ऑफिसातून बोलतेय," मी कसंबसं म्हटलं. "उद्या टोळी येणार आहे ना?"

"येते नं मॅडम, सारी टोळी येते. काहून, काई गडबड झाली का?"

"नाही नाही. गाड्या जास्त येणार आहेत, म्हणून विचारलं."

मी फोन ठेवला.

मी पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीत एचआर मॅनेजर आहे. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या. सीझनमध्ये कापूस निवडायला, त्यातला कचरा आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, काढायला आसपासच्या गावांतून बायका येतात. एकेकट्या नाही, टोळीने. टोळीचा एक मुकादम असतो. तो बायकांना गाडीत बसवून आणतो, कामाला लावतो, परत नेतो. कोणाला आणायचं आणि कोणाला घरी बसवायचं, हे त्याच्या हातात.

त्यातल्याच एका बाईने आमच्या अंतर्गत समितीकडे तक्रार केली होती. कामावर बायकांना त्रास झाला तर त्याची चौकशी करणारी ही समिती कायद्यानेच असते. आमच्या समितीची अध्यक्ष मी. त्या बाईला इथे सुनंदा म्हणू. मुकादमाच्या लगट करण्याला तिने नकार दिला, तेव्हापासून तो तिला एकटीलाच गोदामाच्या मागच्या कामाला पाठवत होता. तक्रार देताना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती.

"माहं नाव बाहेर जाऊ देऊ नका मॅडम. त्याले समजलं तं उद्या गाडीत बसू देनार नाई. अन् गावात काय काय बोलन, त्याचा नेम नाई."

कायद्याने तक्रारीची प्रत आरोप असलेल्या माणसाला द्यावीच लागते. मुकादमाला कधी ना कधी कळणारच होतं. पण त्याआधी सुनंदाला त्याच्या हाताखालून काढून सुरक्षित जागी लावायला आम्हाला थोडा वेळ हवा होता. सगळा प्रश्न त्या मधल्या वेळाचा होता.

आता सॉफ्टवेअरबद्दल. आमच्या हेड ऑफिसने ठरवलं की चौकशीची कामं फायलींत ठेवायची नाहीत, केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घ्यायचं. नाव भारदस्त आहे, काम साधं. तक्रार आली की तिला नंबर मिळतो. जबाब कधी झाले, पुरावे कोणते आले, मुदत कधी संपते, कोणाला काय बघता येईल, हे सगळं एका जागी राहतं. कोणतं घ्यायचं हे आमच्या प्लांटने ट्रायल घेऊन कळवायचं होतं. पल्लवीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर दिसायला झकास होतं. रंगीत आलेख, मराठी स्क्रीन. ब्रोशरवर सगळ्यात वर ठळक लिहिलं होतं, 'तक्रारदाराला प्रत्येक टप्प्यावर आपोआप मेसेज.' मला ते फार पसंत पडलं होतं. हीच सोय आता मुकादमाच्या खिशात जाऊन वाजणार होती!

आणि त्यात कोणाचं काही लबाडीचं नव्हतं. गेटवर कामगाराची नोंद करताना मोबाईल नंबर विचारतात. टोळीतल्या बऱ्याच बायकांकडे स्वतःचा फोन नसतो. घरात असला तर तो नवऱ्याबरोबर शेतात. गाडी कधी येणार हे मुकादमालाच कळतं, म्हणून सगळ्या जणी त्याचाच नंबर सांगतात. वर्षानुवर्षं असंच चालू आहे आणि सगळ्यांच्या सोयीचं आहे. हजेरीच्या सिस्टीममधून तोच नंबर नव्या सॉफ्टवेअरने उचलला होता.

पल्लवी अजून खिडकीकडेच तोंड करून होती. "मॅडम, काय झालं? बाईंनी फोन उचलला नाही का?"

"ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने उचलला."

ती खुर्चीवरून ताडकन उठली. सकाळपासूनचं तिचं गुळगुळीत डेमोचं मराठी कुठल्या कुठे गेलं. "अवं मॅडम, हात नका लावू त्याले! बंदच करा ते!"

मी लॅपटॉपच मिटला. मग तिने पुण्याला त्यांच्या टेक्निकल टीमला फोन लावला. मेसेज बंद करता येतो का, विचारलं. उत्तर आलं, नाही, या पॅकेजमध्ये तो सक्तीचा आहे. तक्रार दाबली जाऊ नये म्हणून मुद्दाम तसं केलंय. एखादा दुसरा नंबर टाका की, काम होऊन जाईल.

तेवढ्यात प्लांट हेड काळे साहेब आत आले. त्यांना नाव न सांगता अडचण सांगितली.

"मग तुमचाच नंबर टाका ना मॅडम," ते म्हणाले. "एवढ्यासाठी कुठे अडून बसता? हेड ऑफिस रोज विचारून राह्यलं."

मलाही क्षणभर ते पटलं होतं. तोडगा हाताशी होता, ऑर्डर मंजूर झाली असती. पण पल्लवीच बोलली.

"सर, आज मॅडम नंबर बदलतील. उद्या मॅडम सुट्टीवर असल्या आणि दुसऱ्या कोणी तक्रार भरली, तर आपोआप आलेला नंबर तसाच राहील. कधीतरी हे चुकणारच. तुमच्यासारख्या ठिकाणी आमचं सॉफ्टवेअर घेऊ नका."

काळे साहेब तिच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही विकायला आल्या आहात ना?"

"हो सर. तरी पण नका घेऊ."

साहेब गेल्यावर मी विचारलं, "तुझं टार्गेट?"

"ते पाहून घेईन मी." मग म्हणाली, "मी घाटंजीकडच्या तांड्यावरची मॅडम. माझी याडी, म्हणजे आई, अशाच टोळीत जात होती. आमच्या घरी कोनाले काई निरोप द्यायचा असला तं मुकादमाच्याच फोनवर येत होता. मले डेमो करताना हे सुचाले पायजे होतं."

जाताना तिने आणखी एक उपकार केला. दुसऱ्या कंपनीला काय काय विचारायचं ते मला सांगून गेली. स्वतःचा धंदा सोडून दुसऱ्याच्या दुकानाचा पत्ता देणारी विक्रेती मी पहिल्यांदाच पाहिली.

आम्ही शेवटी दुसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. दिसायला अगदी ओबडधोबड. पण आपण बटण दाबल्याशिवाय त्यातून एक अक्षर बाहेर जात नाही. हेड ऑफिसला आलेख हवे होते, ते नाराज झाले. काळे साहेबांनी स्वतःच्या नावाने मेल लिहून जबाबदारी घेतली. त्यांच्याबद्दलही माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

सुनंदाला आधी कंपनीच्या कँटीनमध्ये घेतलं आणि तिच्या गावावरून येणाऱ्या स्टाफ बसमध्ये जागा दिली. मुकादमाला गेटबंदी झाली. त्यानंतरच त्याच्या हातात तक्रारीची प्रत गेली. चौकशीत टोळीतल्या आणखी बायका बोलल्या. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. सुनंदा आजही कामावर आहे, आणि तिने केलेली तुरीची फोडणीची डाळ साहेबसुद्धा मागून घेतात.

आता इतर कारखान्यांतले एचआरवाले मला विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? मी कंपनीचं नाव सांगत नाही. सॉफ्टवेअर काय काय करतं ते विकणारा सांगतोच, त्या सॉफ्टवेअरला गप्प बसता येतं का एवढं तुम्ही विचारा, असं सांगते.

पल्लवीचं त्या महिन्याचं टार्गेट हुकलं. तिने कोणाला वाचवलं हे तिला कधीच कळणार नाही, कारण ते नाव मी तिला सांगू शकत नाही. आणि आपल्यासाठी नागपूरहून आलेली कोणी मुलगी हातातली ऑर्डर सोडून गेली, हे सुनंदाला ठाऊक नाही. दोघी एकमेकींचे आभार मानू शकत नाहीत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आहे.