आजीचा फोटो बाराशेवर

भोईवाड्यातली आमची चाळ पडली, तिथे टॉवर झाला. नव्या घराच्या हॉलमध्ये बाबांचा फोटो लागला तशी आईने मला फर्मान सोडलं, शेजारी तिच्या आईचाही फोटो पाहिजे. बाबांच्याएवढाच मोठा.

आई लहान असतानाच आजी गेली. तिचा फोटो एकच, चाळीतल्या कुठल्याशा लग्नातला घोळका, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर. पुढे फ्रॉकमधली आई, अगदी इवलीशी. तिच्या बरोबर मागे पदर घेतलेली आजी, तोंड मुगाच्या दाण्याएवढं.

भाऊ म्हणाला, फोनवर फोटो काढून दुकानात दे, करतात ते मोठा. त्याचं सगळं असंच, हातासरशी. मी म्हटलं तू गप बस, आणि ऑफिसातला जुना स्कॅनर मागून आणून लॅपटॉपला जोडला. आहे तेवढ्याच आकारात छापायचं तर तीनशे डीपीआय पुरतं. मोठं करायचं तर इंचाइंचातून जास्त ठिपके टिपावे लागतात. तीनशेवर आजीचं तोंड म्हणजे नुसता डाग. सहाशेवर पदराचा काठ आला, डाग तसाच. मग मीही हट्टाला पेटले आणि बाराशेवर लावलं. स्कॅनर रडतखडत चालला होता. आई शेजारी खुर्ची ओढून बसलेली.

बाराशेवर सगळं आलं. बाजूच्या बाईची नथ आली, कुणाच्या शर्टाचं तुटकं बटण आलं. आजीचा चेहरा तेवढा आला नाही. तिथे तपकिरी खपल्या होत्या, आणि खपल्यांच्या मधे कोरा कागद.

मला आधी कळेचना. मग कळलं. गेलेल्या माणसांचे फोटो देवात ठेवत नाहीत, म्हणून हा फडताळात असायचा, बिनकाचेचा. दर सर्वपित्रीला आई तो काढायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि आजीला गंध लावायची. एवढ्याशा कपाळाला बोटाने लावणार तरी कसं? ते सगळ्या तोंडावर बसायचं. इतकी वर्षं आम्ही सगळे त्या गंधालाच चेहरा समजत होतो.

तिच्यापासून लपवायची सोयच नव्हती. ती म्हणाली, "म्हणजे मीच पुसलं तिला."

मी काहीबाही बोलत राहिले, जुना कागद, चाळीतली ओल. तिचं लक्ष नव्हतं. मग तिने मला आजवर कधी न सांगितलेलं सांगितलं. आजी तिला आठवतच नाही, आठवतो तो हा फोटो. आणि त्या फोटोचा तिला लहानपणापासून राग आहे. बाकीच्या सगळ्या पोरांना कुणी ना कुणी कडेवर घेतलंय, तिलाच तेवढं पुढे एकटं सोडलंय. त्या रागापायीच आपण तो असा खसाखसा पुसत आलो की काय, असंही म्हणाली.

माझा जीव तुटला. स्क्रीनवरचा फोटो मी उगाच खाली सरकवत बसले. आईच्या फ्रॉकपाशी हात थांबला. कमरेजवळ, फुलांच्या नक्षीत, तीन बोटं होती. मागून आलेली, फ्रॉक मुठीत गच्च धरलेली. कागदावर ती नक्षीत मिसळून गेली होती, कधी कुणाला दिसलीच नव्हती. आणि आईच्या मागे आजीशिवाय कुणीच नव्हतं.

मी लॅपटॉप आईकडे वळवला. ती चष्मा कपाळावर सारून स्क्रीनला नाक लावून बघत राहिली.

"धरलं होतं गो मला," म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. मलाही.

तेवढाच भाग मोठा करून आम्ही हॉलमध्ये लावलाय. आल्यागेल्याला काही अर्थबोध होत नाही. फ्रॉकवरची फुलं आणि तीन बोटं बघून परवा शेजारीण विचारत होती, हे काय हो काकी?

आईने चहा गाळता गाळता सांगितलं, "माझी आई."